कॅन्सर नाही, मग काय आहे?

(तासगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



आपल्या तालुक्यात तोंडाच्या आजाराचा विषय निघाला की अंजनीच्या आर. आर. आबांचं, म्हणजे माजी गृहमंत्री आर. आर. पाटलांचं, नाव निघतंच. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी मुंबईच्या लीलावती रुग्णालयात आबा गेले, ते तोंडाच्या कर्करोगानं. त्यानंतर या भागातल्या माणसाच्या मनात तोंडातली गाठ आणि कॅन्सर या दोन गोष्टी एक होऊन बसल्या. त्यानं भलंही झालं. गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवायला स्वतःच्या पायानं येणारी, खिशातली पुडी माझ्यासमोर टाकून देणारी माणसं मी पाहिली आहेत. पण याच भीतीपायी दुसऱ्या एका जातीच्या रुग्णाचं नुकसान होतं. आज मी त्याच्याबद्दल बोलणार आहे.

हा रुग्ण येतो तेव्हा त्याच्या मनात एकच प्रश्न असतो. "डॉक्टर, कॅन्सर न्हाय न्हवं?" आपण तपासतो, एक्स-रे बघतो आणि म्हणतो, बहुतेक नाही, पण गाठ कसली आहे ते बघावं लागेल. त्याच्या कानात पहिलं अर्धं वाक्य शिरतं. दुसरं अर्धं ऐकायला तो थांबतच नाही. चेहरा उजळतो, फाईल पिशवीत जाते. "एवढी द्राक्षाची छाटणी उरकू द्या, मग निवांत येतो." ऑक्टोबरची छाटणी उरकते, माल उतरतो, बेदाणा शेडवर जातो, सौदे होतात, पुन्हा एप्रिलची खरड छाटणी येते. माणूस तीन वर्षांनी उगवतो, तेव्हा जबड्याची एक बाजू सुटलेली असते आणि हलायला लागलेल्या दोन दाढा कुणीतरी उपटलेल्या असतात.

"कॅन्सर नाही" हे निदान नव्हे. ते एका प्रश्नाचं उत्तर आहे. गाठीला नाव मिळेपर्यंत निदान झालेलं नसतं, हे मला आज तुमच्या गळी उतरवायचं आहे.

जबड्यात इतक्या तऱ्हांच्या गाठी का होतात, ते आधी सांगतो. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाला दात फुटत नाहीत. आईच्या पोटात साधारण सहाव्या आठवड्यात बाळाच्या हिरड्यांच्या जागी पेशींची एक पट्टी तयार होते. ती आत शिरते आणि तिच्यापासून दातांचे अंकुर धरतात. दाताचं कठीण पांढरं आवरण घडवणाऱ्या पेशीही तिथूनच येतात. दात आला की या पेशींचं काम संपतं. पण त्या सगळ्या नाहीशा होत नाहीत. थोड्या हिरडीत, थोड्या मुळांच्या भोवती, थोड्या हाडात तशाच राहतात. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या जबड्यात त्या आहेत आणि बहुतेकांना त्या जन्मभर काही त्रास देत नाहीत. एखाद्याच्या बाबतीत त्या पुन्हा कामाला लागतात. कुठे पाण्याची पिशवी तयार होते, कुठे घट्ट गाठ, कुठे चक्क दातच दात.

म्हणून इथे एक गोष्ट ठासून सांगतो. या गाठींचा तंबाखूशी संबंध नाही, मिश्रीशीही नाही. "मी तर कधी सुपारीसुद्धा खाल्ली नाही" असं सांगत डोळ्यांत पाणी आणणारी बाई माझ्यासमोर बसते, कारण गावानं आधीच ठरवलेलं असतं की हिनं लपून काहीतरी खाल्लं असणार. तिचा काहीही दोष नसतो.

दातच दात म्हणालो त्यात अतिशयोक्ती नाही. जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सतरा वर्षांच्या एका मुलावर शस्त्रक्रिया झाली. जबड्याची उजवी बाजू दीड वर्ष सुजलेली होती. गावाकडे निदान झालं नाही, म्हणून वडिलांनी त्याला मुंबईला आणलं. दंतविभागाच्या प्रमुख डॉ. सुनंदा धिवरे-पालवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठ उघडली, तर आतून मोत्याएवढे दात निघायला लागले. सात तासांच्या आसपास काम चाललं. मोजले तेव्हा २३२ भरले. जगभरातल्या वर्तमानपत्रांत ती बातमी आली. पुढे २०१९ मध्ये चेन्नईच्या सविता दंत महाविद्यालयात सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ दात काढले, तेव्हा हा आकडाही मागे पडला.

या गाठीला ओडोन्टोमा म्हणतात. आकडा ऐकून छाती दडपते, पण जबड्याच्या गाठींत ही सर्वांत गरीब. आपल्या कवचातून ती सुटून येते, भोवतालचं हाड शाबूत राहतं आणि एकदा नीट काढली की ती सहसा परत येत नाही. जे. जे.मधल्या त्या मुलाच्या जबड्याचा आकार तसाच राहिला आणि त्याच्या तोंडात २८ दातही उरले. अशा बहुतेक गाठी तर फार लहान असतात. दुधाचा दात पडून दोन वर्षं झाली, शेजारच्या बाजूचा पक्का दात आला, पण या बाजूचा येत नाही, म्हणून एक्स-रे काढला की वाटेत ती बसलेली दिसते. घरात असं पोर असेल तर "येईल की उशिरा" म्हणत बसू नका.

आता याच्या उलट टोकाची गाठ. हिचं नाव अमेलोब्लास्टोमा. ही बातमीत येत नाही, कारण दाखवण्यासारखं तिच्यात काही नसतं. बहुतेक वेळा ती खालच्या जबड्यात मागे, अक्कलदाढेच्या आसपास धरते. बरेचसे रुग्ण वीस ते चाळीस या वयातले, म्हणजे ऐन कर्तेपणातले. ती दुखत नाही, तिला ताप नाही, वास नाही. वर्षाला थोडी थोडी वाढते आणि हाड आतून पोखरत बाहेर फुगवते.

बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जाणाऱ्या एका ताईंचं सांगतो. जबडा एका बाजूनं भरलाय हे त्यांना स्वतःला कळलंच नव्हतं, ते सांगितलं शेजारी बसून निवडणाऱ्या बायकांनी. त्याआधी दाढ हलते म्हणून त्यांनी ती एके ठिकाणी काढून घेतली होती, एक्स-रे न काढताच. जखम भरली, सूज राहिली. मग गोळ्यांचा कोर्स, मग दुसरा, मग कुणीतरी सांगितलेला लेप. माझ्याकडे आल्या तेव्हा मी आधी बोटानं चाचपलं. गालाकडून आणि जिभेकडून, दोन्ही बाजूंनी हाड फुगलेलं होतं. एका जागी दाबलं तर ते किंचित आत गेलं, इतकं पातळ झालेलं. मग विचारलं, "खालचा ओठ बधिर वाटतो का? मुंग्या येतात का?" नाही म्हणाल्या. कापसाच्या टोकानं दोन्ही बाजूंना स्पर्श करून पाहिलं, सारखंच कळत होतं.

हा प्रश्न लहान वाटतो, पण त्याला मोल आहे. खालच्या ओठाला जाणीव देणारी नस जबड्याच्या हाडातून जाते. या गाठी तिला बाजूला सारतात, सहसा मारत नाहीत. जबडा सुजलाय आणि ओठाची एक बाजू आपोआप बधिर झालीय, असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. न भरणारी जखम, आठवड्या-पंधरवड्यात भराभर वाढणारी सूज, रक्त येणं, मानेत टणक गाठ येणं, ही सगळी वाईट लक्षणं आहेत. यातलं काही नाही म्हणून मात्र घरी बसायचं नाही. दाताची सूज औषधानं उतरते. दोन-तीन आठवड्यांत जी उतरली नाही, तिचा एक्स-रे निघालाच पाहिजे.

सगळा जबडा एका फिल्मवर दाखवणारा ओपीजी नावाचा एक्स-रे आता सांगली-मिरजेत सहज मिळतो. ताईंच्या फिल्मवर दाढांच्या मागून कानाकडे वर जाणाऱ्या हाडात एकाला एक लागून काळे कप्पे दिसत होते आणि उरलेल्या दाढेची मुळं सुरीनं कापल्यासारखी आखूड झालेली होती. बघताक्षणी मनात नाव येतं. पण नाव लिहायचं नाही. कारण तसेच कप्पे दाखवणाऱ्या गाठी आणखीही आहेत आणि त्यांतल्या दोन अशा आहेत की चुकीला माफी नाही.

पहिली म्हणजे हाडाच्या आतलं रक्तवाहिन्यांचं जाळं. वरून ती साधी सूज दिसते, एखादी दाढ हलते, हिरडीतून अधूनमधून रक्त येतं. ती दाढ उपटली तर खुर्चीतच असा रक्तस्राव होतो की माणूस जाऊ शकतो. म्हणून हाडातली कुठलीही पोकळी उघडण्याआधी आम्ही जाड सुई घालून आत काय आहे ते ओढून पाहतो. पिवळसर पाणी आलं तर पिशवी. पांढरा, पिठुळ लगदा आला तर वेगळ्या जातीची पिशवी, जी काढल्यावर पुन्हा होण्याची सवय बाळगते. आणि उजळ लाल रक्तानं सिरिंजचा दांडा आपोआप मागे सरकायला लागला, तर सुई काढायची, जागा दाबून धरायची आणि रुग्णाला जिथे रक्तवाहिन्या आतून बंद करण्याची सोय आहे तिथे पाठवायचं. एक सुई, पाच मिनिटं.

दुसरी गाठ ही जबड्याची नसतेच. मानेत, थायरॉइडच्या मागे, पॅराथायरॉइड नावाच्या चार इवल्या ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. त्यांतली एखादी बिघडून अति काम करायला लागली की हाडांतून कॅल्शियम ओढलं जातं आणि जबड्यात तपकिरी रंगाची गाठ धरते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात मोठमोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी दिसतात. जबड्यातच जन्मलेल्या एका वेगळ्या गाठीतही अगदी तशाच दिसतात. तेव्हा असा रिपोर्ट आला की चाकू हातात घेण्याआधी रक्तातलं कॅल्शियम आणि त्या ग्रंथीचं संप्रेरक तपासायचं. दोष मानेतल्या ग्रंथीचा निघाला तर उपचार तिच्यावर करायचा. जबड्यातली गाठ मग बहुधा आपोआप ओसरते. ही तपासणी चुकली तर माणसाचा जबडा उगाच कापला जातो, मूळ रोग तसाच राहतो आणि पुढे मूत्रपिंडात खडे होतात, हाडं मोडतात.

शिवाय हात न लावण्यासारख्या गोष्टीही असतात. टाळूच्या मधोमध टणक उंचवटा जिभेला लागला म्हणून रात्रभर झोप न लागलेली माणसं येतात. तो बहुतेकदा टाळूच्या हाडाचाच भाग असतो, कवळी बसवायला आड आला तरच काढायचा. वाढत्या वयात मुलांच्या जबड्याचं हाड एका बाजूनं जाड होत जाणारा एक विकार आहे. त्यात शक्यतो वाढ थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग चेहऱ्यापुरतं तासायचं. त्याला रेडिएशन देऊ नये, त्यानं साध्या रोगाचा कॅन्सर होऊ शकतो.

म्हणून तुकडा तपासायचा. इथे मला आपल्या भागातल्या एका समजुतीशी भांडायचं आहे. "गाठीला हत्यार लावू नका, पसरतीया." हे वाक्य मी आजवर सुशिक्षितांकडूनही ऐकलं आहे. ती समजूत कुठून आली ते कळतं. पूर्वी लोक गाठ फार उशिरा दाखवत, तपासायला तुकडा काढला जाई आणि थोड्याच दिवसांत माणूस जाई. लोकांनी दोष हत्याराला दिला, खरा दोष उशिराचा होता. जबड्यातली साधी गाठ तुकडा काढल्यानं पसरत नाही. बहुधा जागा बधिर करून ते काम होतं आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. रिपोर्टला वेळ लागतो, त्यालाही कारण आहे. तुकड्यात हाड असेल तर ते आधी आम्लात ठेवून मऊ करावं लागतं, त्यात दिवस जातात. मग तो मेणात बसवून चार-पाच मायक्रॉनचे काप काढायचे, रंगवायचे आणि काचपट्टीवर पाहायचे.

ताईंच्या काचपट्टीवर गुलाबी पार्श्वभूमीवर पेशींची बेटं दिसली. प्रत्येक बेटाच्या काठाला उंच, सारख्या पेशी एका ओळीत उभ्या आणि त्यांची जांभळी केंद्रकं काठापासून दूर, आतल्या बाजूला सरकलेली. दाताचं आवरण घडवायला निघालेली पेशी गर्भात अशीच वागते. व्हिकर्स आणि गॉर्लिन या दोघांनी १९७० मध्ये ही खूण नीट मांडली, ती आजही आम्ही वापरतो. आवरण मात्र इथे कधीच तयार होत नाही. नाव पक्कं झालं, अमेलोब्लास्टोमा.

याच नावाचा एक पोटप्रकार पिशवीच्या रूपात येतो आणि तरुण मुलांत जास्त आढळतो. तिथे एका तुकड्यावर विसंबता येत नाही. तुकडा साध्या पिशवीचा निघतो आणि गाठ पलीकडच्या भिंतीत लपलेली असते. म्हणून पूर्ण पिशवी काढून ती सगळीच्या सगळी तपासायची. गाठ फक्त आतल्या अस्तरापुरती असेल तर तेवढ्या शस्त्रक्रियेवर भागतं. ती भिंतीत शिरली असेल तर पुढचा विचार करावा लागतो.

जबड्याचा भाग काढावा लागेल म्हटल्यावर ताईंच्या नवऱ्यानं विचारलं, "डॉक्टर, कॅन्सर नाही म्हणता, मग एवढा जबडा का काढायचा? नुसती गाठ खरवडून काढा की." प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तुमच्यापैकी ज्यांच्या हातात विळा-कुदळ आहे त्यांना माझ्याहून चांगलं कळेल. बागेतली हराळी वरून खुरपली तर रान दोन दिवस स्वच्छ दिसतं. जमिनीखालच्या काश्या राहतात आणि त्या दिसतात त्याच्याही पुढे गेलेल्या असतात. या गाठीचंही तसंच आहे. एक्स-रेवर जिथे तिची कड दिसते, त्याच्या पलीकडे हाडाच्या जाळीत तिच्या पेशी शिरलेल्या असतात. नुसतं खरवडलं तर घट्ट जातीची गाठ निम्म्याहून अधिक लोकांत परत येते, आणि परत येते ती आधीपेक्षा अवघड जागी. म्हणून कडेपासून एक ते दोन सेंटिमीटर निरोगी हाड धरून कापायचं. खालची कड पुरेशी जाड आणि निरोगी उरत असेल तर ती ठेवता येते, जबड्याची सलगता राहते. उरत नसेल तर तेवढा भाग पूर्ण काढायचा. वरच्या जबड्यात काम आणखी कठीण, कारण तिथलं हाड विरळ, वर डोळा आणि मागे कवटीचा तळ. लहान मुलांत, वाढ बाकी असल्यामुळे, आपण हात आखडता घेतो आणि जास्त वेळा तपासत राहतो. पहिली शस्त्रक्रिया हीच सर्वांत सोपी आणि सर्वांत फलदायी संधी असते. ती अर्धवट निदानावर वाया घालवणं मला सहन होत नाही.

काढलेल्या जागी काय, हा पुढचा प्रश्न. हाड काढून नुसतं सोडलं तर उरलेला जबडा एका बाजूला ओढला जातो, चावता येत नाही, लाळ गळते, बाई माणसांत जायची थांबते. लहान तुटीला कमरेचं हाड पुरतं. मोठ्या तुटीसाठी पोटरीच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, त्याच्या रक्तवाहिनीसकट घेतात. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी ते खालच्या जबड्यासाठी वापरून दाखवलं आणि तेव्हापासून मोठ्या तुटीसाठी पहिली पसंती त्यालाच. गुडघ्याशी आणि घोट्याशी हाडाचा काही भाग ठेवून मधला घ्यायचा, जबड्याच्या वळणाप्रमाणे त्याचे तुकडे जुळवायचे, टायटॅनियमच्या पट्टीनं बांधायचे आणि जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची रक्तवाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या वाहिनीला शिवायची. आता सीटी स्कॅनवरून जबड्याची प्लास्टिकची प्रतिकृती छापून घेतात आणि पट्टी आदल्या दिवशीच तिच्यावर वाकवून ठेवतात. कामाला आठ-दहा तास लागतात.

घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाय अधू होईल का?" शरीराचा बहुतेक भार नडगीचं जाड हाड वाहतं, त्यामुळे रुग्ण पुन्हा नीट चालतो. शेतावरही जातो. जे जातं ते मी आधीच सांगतो. गाठीतून जाणारी ती नस बहुतेकदा काढावी लागते आणि मग त्या बाजूचा खालचा ओठ बधिर राहतो. ताईंना ते मी दोनदा सांगितलं, कारण शस्त्रक्रियेनंतर कळलेल्या गोष्टीचा माणसाला जो धक्का बसतो तो आधी कळलेल्या गोष्टीचा बसत नाही. काही महिन्यांनी त्या नव्या हाडात इम्प्लांट बसवून दात लावता येतात. ताईंनी अजून लावलेले नाहीत, पण भाकरी खातात.

आपण नशीबवान आहोत. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उघडलं तेव्हापासून हा टापू उपचारांसाठी ओळखला जातो. आज मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगली-मिरज रस्त्यावर भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे, आणि तासगावहून सांगलीला जाताना वाटेतच कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय लागतं. तपासणी, एक्स-रे, तुकडा, यासाठी पुण्या-मुंबईला धावायची गरज नाही. मोठ्या शस्त्रक्रियेचा खर्च ऐकून घाबरण्याआधी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

आणि शस्त्रक्रियेनंतर? ही गाठ पाच वर्षांनी परत येते तशी दहा वर्षांनीही येते. म्हणून दरवर्षी एक ओपीजी, निदान दहा वर्षं, जमलं तर त्याहून जास्त. दिवस लक्षात राहत नसेल तर बेदाण्याचे सौदे संपले की यायचं असं ठरवा. जुन्या फिल्म फेकू नका, नवीन फिल्म एकटी फारसं बोलत नाही.

रिपोर्टचा कागद सगळे जपतात. त्याच्याबरोबर काचपट्ट्या आणि मेणाचा तो ठोकळा, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, कुठल्या प्रयोगशाळेत आणि कुठल्या क्रमांकानं ठेवला आहे, तेही लिहून घ्या. २०१४ मध्ये असं दिसून आलं, की बऱ्याच अमेलोब्लास्टोमांत बीआरएएफ नावाच्या जनुकात एक ठरावीक बदल असतो. त्या बदलावर चालणाऱ्या गोळ्या आधीच दुसऱ्या रोगांसाठी वापरात होत्या आणि शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या काही रुग्णांत त्यांनी गाठ आकसल्याचं नोंदलं गेलं आहे. आज त्या गोळ्या शस्त्रक्रियेची जागा घेत नाहीत, महागही आहेत. पण ज्याची गाठ उद्या परत येईल, त्याच्या जुन्या ब्लॉकवर ही तपासणी बऱ्याच वर्षांनीही करता येते. तो ब्लॉक कुठे आहे हे मात्र माहीत असायला हवं.